बारा मिलिमीटर

मोहिउद्दीन खाटकाशी वाद घालायला गावात कुणी धजत नसे. माणूस वजनाला सच्चा, सुरीला साफ, पण एकदा तोंड उघडलं की समोर पाटील आहे की पोलीस, हे बघायचा नाही. एकदा घाटंजीच्या भर आठवडी बाजारात त्याच्या धाकट्या भावानं, मुख्तारनं, गडबडीत बकऱ्याच्या गळ्यावर सुरी जरा वर टेकवली. गळ्यात जी कडक गाठ असते, गिळताना खालीवर होते ती, तिला घाटी म्हणतात. हलाल करताना घाटी डोक्याकडे राहायला हवी, सुरी तिच्या खालून फिरायला हवी, हे मोहिउद्दीनला त्याच्या बापानं कानफटात देऊन शिकवलं होतं. सुरी वर लागली की ते मटण त्याच्या लेखी मटणच नव्हे. तो असा कडाडला की शेजारचा मिरच्यावाला तराजू सोडून उभा राहिला, आणि मुख्तारचा हात जागच्या जागी थांबला. सहा वर्षांची आयशा, मोहिउद्दीनची एकुलती एक लेक, तेव्हा दुकानाच्या फळीवर बसून शेंगा खात होती. पुढं कितीतरी वर्षं ती बापाची नक्कल करून घर हसवायची, "घाटी देख, अंधे! घाटी!"

बापाची जीभ लेकीनंच घेतली होती. वीस वर्षांची झाली तरी ओसरीवर शिवणयंत्र घेऊन बसायची आणि तिथूनच गिऱ्हाइकांशी भांडायची. कलेजीचा भाव पाडून मागणाऱ्याला ती असं काही बोलायची की तो दोन पैसे जास्त देऊन निघून जायचा. आई सुग्राबी कपाळाला हात लावायची. "या पोट्टीच्या तोंडाले कुलूप कोन लावंन?" असं ती दिवसातून दहादा म्हणायची. नंतर हे शब्द आठवून तिनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची, कापसाच्या हंगामातली गोष्ट. आयशाला घटसर्प झाला. तीन दिवस घरगुती काढे झाले, चौथ्या दिवशी दुपारी तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला आणि ओठ जांभळे पडले. मोहिउद्दीननं दमणी जुंपली आणि बैल मरतील इतके हाणत तिला सरकारी दवाखान्यात आणलं. दवाखाना कुठल्या गावचा ते सांगत नाही, सांगून काही उपयोगही नाही.

तिथं घनश्याम डॉक्टर होता. कॉलेजातून बाहेर पडून त्याला वर्षही झालं नव्हतं. विजारीची इस्त्री कडक, बोलणं त्याहून कडक. त्यानं आयशाला पाहिलं मात्र, त्याचा चेहरा उतरला.

"गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल," तो म्हणाला. "नाहीतर पाच मिनिटांत जाईल. तू डोकं धर. भगवानराव, तुम्ही पाय धरा."

भगवानराव म्हणजे कंपाउंडर. घरी माळकरी, आणि दर रविवारी मागच्या दारानं मोहिउद्दीनकडून अर्धा शेर नेणारा. त्यानं पाय धरले. सुग्राबीला बाहेर काढलं. डॉक्टरनं टेबलावर जाडजूड विलायती पुस्तक उघडून ठेवलं. त्यात पुरुषाच्या गळ्याचं चित्र होतं, कंठ चांगला टोकदार पुढं आलेला. आयशाचा गळा बाईमाणसाचा, त्यात सुजलेला. टोक कुठं सापडेना. डॉक्टरचं बोट वरखाली फिरलं, हनुवटीखाली एका कडक हाडाशी अडलं. तोच कंठ समजून त्यानं पुस्तकातल्या मापाइतकं खाली मोजलं आणि चाकू टेकवला.

मोहिउद्दीननं लेकीचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. जागा त्याच्या नाकासमोर होती. तीस वर्षं ज्या माणसानं दुसरं काही पाहिलं नाही, त्याला ते दिसणार नाही असं कसं होईल? चाकू अजून घाटीवरच होता. आणखी थोडा खाली हवा होता.

"साब..." तो म्हणाला.

"बोलू नकोस! डोकं धर!"

आणि त्यानं डोकं धरलं. डॉक्टर शिकलेला, सरकारचा माणूस. आपण अंगठाबहाद्दर. माणसाचा गळा निराळा असेल, पुस्तकात लिहिलं असेल तसंच असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. चाकू आत गेला. रक्त आलं, मग फस्सकन हवा आली, आणि आयशाचे ओठ हळूहळू पुन्हा माणसाच्या रंगाचे झाले. मोहिउद्दीननं डॉक्टरचे दोन्ही हात डोळ्यांना लावले. दुसऱ्या दिवशी त्यानं पेढे नेऊन दिले.

नवव्या दिवशी डॉक्टरनं नळी काढून भोकावर बोट ठेवलं. आयशानं हातपाय झाडले, डोळे पांढरे केले. नळी परत घातली. पंधराव्या दिवशी तेच. एकविसाव्या दिवशीही तेच. घटसर्प कधीच बरा झाला होता, पण नळीवाचून श्वास येईना. नळी आहे तोवर आवाज नाही. सगळी हवा भोकातूनच निघून जायची, घशापर्यंत पोचायचीच नाही.

नळीसकट तिला घरी आणलं आणि घर मुकं झालं. हंगामाचे दिवस, जिनिंग कारखान्यातला कापसाचा बारीक तंतू हवेत उडत होता. एक तंतू नळीत गेला की आयशा खोकून खोकून लाल व्हायची. सुग्राबी नळीवर ओलं मलमलचं फडकं बांधायची, दिवसातून सहा वेळा नळी उकळून धुवायची. काही हवं असलं की आयशा पितळी वाटीवर चमचा वाजवायची. पाणी हवं तर एकदा, आई हवी तर दोनदा. राग आला की मात्र ती वाटी अशी बडवायची की शेजारची कुत्री भुंकायची. तिला राग दिवसभर येत होता. मोहिउद्दीन दुकानात बसून तो आवाज ऐकायचा आणि सुरीला उगाच धार लावत राहायचा.

महिना झाला तेव्हा डॉक्टरनं निकाल दिला. "हिचा गळा जन्मतःच अरुंद आहे. नळी कायमची राहील."

मोहिउद्दीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जन्मतः? साब, वीस वर्सं ही पोट्टी गाव डोक्यावर घेऊन राह्यली, थे काय अरुंद गळ्यानं?"

"तुला काय कळतं त्यातलं?" डॉक्टर म्हणाला आणि दुसऱ्या रोग्याकडे वळला.

त्या दुपारी आयशाला झोप लागली तेव्हा मोहिउद्दीन तिच्या उशाशी बसला. त्यानं हलक्या हातानं तिचा गळा चाचपला. सूज ओसरली होती. मग सुग्राबीचा चाचपला, मग स्वतःचा. सुग्राबी म्हणाली, "काय करून राह्यले? येडे झाले काय?" तो चाचपतच राहिला. आधी घाटीची खाच, तिच्या खाली मऊ जागा, तिच्या खाली एक उभट कडी, आणि मग खाली बारीक बारीक कड्यांची श्वासनळी. बकऱ्यात होतं तसंच. फक्त मापं लहान. आयशाचं भोक त्या उभट कडीतच होतं.

दुकानात जाऊन त्यानं सकाळच्या बकऱ्याचा मुंडीकडचा नरडा उचलला आणि कड्या सोडवून पाहिल्या. हे त्यानं हजारदा पाहिलं होतं, पण आज पहिल्यांदाच नीट पाहिलं. श्वासनळीच्या कड्या मागून उघड्या असतात, तुटलेल्या बांगडीसारख्या. एक कापली तरी बाकीच्या नळी उघडी धरतात. घाटीच्या बुडाशी असते ती एकच कडी पूर्ण गोल, अंगठीसारखी. त्यानं तिला चीर दिली आणि दाबली. ती चेपली आणि पुन्हा गोल झाली नाही.

 मग त्यानं नरडा पळसाच्या पानांत गुंडाळला आणि दवाखाना गाठला.

घनश्याम डॉक्टर टेबलाशी बसला होता, भगवानराव बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत होता. मोहिउद्दीननं पानं टेबलावर उघडली.

"साब, हे पाहा. हे एकच कडी अंगठीसारखी रायते. तुमी हिच्यातच नळी घातली. एक बोट खाली घालाले पायजे होती. अजूनबी वेळ हाये. नळी खाली घ्या, नाही त मले नागपूरची चिठ्ठी द्या."

डॉक्टर खुर्चीवरून उठलाच. "हे काय आणलंस? उचल ते! कसाई मला शस्त्रक्रिया शिकवणार? मी तिचा जीव वाचवला, आणि तू बकऱ्याचा गळा घेऊन माझ्या टेबलावर येतोस?"

"जीव वाचवला, मान्य हाये. हात जोडतो त्याच्यासाठी. पन जागा चुकली थे चुकली."

"कोण म्हणतं चुकली?"

"मी म्हनतो. डोस्कं म्या धरलं होतं. भगवानरावनं पाय धरले होते. इचारा त्याईले."

भगवानराव चिठ्ठ्याच डकवत राहिला. एक चिठ्ठी त्यानं बाटलीवर उलटी डकवली. चोर तो चोर आणि वर शिरजोर, असं मोहिउद्दीनच्या ओठांवर आलं, पण नागपूरची चिठ्ठी मिळायची होती म्हणून त्यानं ते गिळलं. डॉक्टरनं कागद ओढला, इंग्रजीत चार ओळी खरडल्या आणि कागद त्याच्या अंगावर भिरकावला. "जा नागपूरला. तिथंही हेच सांगतील."

दवाखान्यामागच्या कडुनिंबाखाली मोहिउद्दीननं भगवानरावला गाठलं. "वाचा."

भगवानरावनं कागद हातात घेतला, इकडं तिकडं पाहिलं. "लिवलं हाये का... श्वासनळीच्या दुसऱ्या कडीत भोक पाडलं. गळा जन्मापासून अरुंद."

"दुसऱ्या कडीत? खोटं!"

"मोहिउद्दीनभाई, माही नोकरी..."

"दर आयतवारी मटन नेता त माह्यावर भरोसा ठेवून नेता का नाही? का घाटी कुठं हाये हे मले समजत नाही म्हनून नेता?"

 कागद परत देऊन भगवानराव आत गेला, आणि पुढच्या रविवारी मटणाला आला नाही. मोहिउद्दीनला वाटलं, भेकड साला. मग वाटलं, हा निदान नोकरीसाठी गप्प बसला. पुढचा विचार त्यानं केला नाही. गाडीचं बघायला निघून गेला.

नागपूरला पोचेपर्यंत ऑपरेशनला सहा आठवडे उलटले होते. मोठ्या दवाखान्यात तीन तास बाकावर काढल्यावर नंबर लागला. मोठे डॉक्टर साठीचे होते, चष्मा नाकाच्या टोकावर, समोर रोग्यांची रांग. त्यांनी चिठ्ठी वाचली, आयशाच्या गळ्याकडे एकदा पाहिलं. भोकाभोवती मांस वाढून जागा झाकून गेली होती.

"दुसऱ्या कडीत नळी, म्हणजे जागा बरोबर आहे. वरचा गळाच अरुंद असेल तर इलाज नाही," ते म्हणाले. "नळी जपा. पुढचा पेशंट."

"चिठ्ठी खोटी हाये साहेब," मोहिउद्दीन म्हणाला. आवाज असा निघाला की रांगेतली माणसं वळली.

"बाप आहात, रागावणारच. पण खोटी कशावरून?"

"भोक घाटीच्या कडीत हाये. दुसऱ्या कडीत नाही. म्या डोयानं पाह्यलं. हिचं डोस्कं म्या धरलं होतं."

"तुम्ही काय करता?"

"खाटीक हाये."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "तुम्ही पाहिलंत. चाकू लावताना पाहिलंत, की नंतर?"

"लावतानाच."

"म्हणजे चुकतंय हे तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

आयशाच्या हातात वाटी होती. बाहेरगावीही ती बरोबर आणली होती. आतापर्यंत ती चमच्यानं टकटक करत होती, ते थांबलं. सुग्राबीनं नवऱ्याकडे पाहिलं. दीड महिना त्यानं हे दोघींना सांगितलं नव्हतं. डॉक्टरला शिव्या घातल्या, कंपाउंडरला घातल्या, नशिबाला घातल्या, पण आपण पाहिलं होतं हे सांगितलं नव्हतं. त्यालाही आत कुठं तरी वाटत होतं की आरडाओरडा जोरात केला तर ते झाकून जाईल.

"भेलो," तो म्हणाला. "थो शिकेल, मी अडानी. साब म्हनलं, थो म्हने बोलू नको. मी गप बसलो."

स्वतःच्या तोंडाला काळं फासून कुणी खोटं बोलत नाही, हे त्या म्हाताऱ्याला ठाऊक असावं. त्यांनी पुढच्या रोग्याला थांबवलं, आयशाला आडवं झोपवलं आणि कपाटातून दोन टोकांचं पोलादी माप काढलं. एक टोक घाटीच्या खाचेवर, दुसरं भोकाच्या मधोमध. मग पट्टीवर ठेवून पाहिलं.

"सव्वीस."

खणातून त्यांनी एक जाड वही काढली. वहीत आकड्यांच्या रांगाच रांगा होत्या. आठ वर्षं ते मेलेल्या माणसांचे गळे मोजत होते, विदर्भातल्या माणसांचे, पुरुषांचे निराळे आणि बायांचे निराळे. विलायती पुस्तकातली चित्रं आणि मापं विलायती पुरुषांची आहेत, इथल्या बाईच्या गळ्यात तो टोकदार कंठ शोधायला गेलं की असंच होतं, असं ते बोलता बोलता म्हणाले. एक्याऐंशी बायांची मापं एका पानावर होती. त्यांनी बोट खाली आणलं.

"खाचेपासून ही गोल कडी चोवीस मिलिमीटरला सुरू होते, तिसाला संपते. दुसरी कडी अडतिसाला लागते. दोनतीन मिलिमीटर इकडंतिकडं होतं, बारा नाही होत. सव्वीस म्हणजे कडीच्या पोटातच. त्यानं वरच्या हाडाला कंठ समजून मोजलं असणार. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे."

बरोबर आहे, हे ऐकायला मोहिउद्दीन पंधरा दिवस तडफडत होता. आता ऐकलं तर काही वाटलं नाही. "बारा मिलिमीटर म्हंजे किती, साहेब?" त्यानं विचारलं. ते माप त्याच्या ओळखीचं नव्हतं.

डॉक्टरांनी पट्टीवर दाखवलं. आयशाच्या करंगळीच्या रुंदीएवढं. फार झालं तर थोडं जास्त.

"उद्या नळी खाली घेतो. कडीवरचा दाब गेला की ती भरून येईल कदाचित," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या आठवड्यात आणली असती तर कदाचित म्हणावं लागलं नसतं. नळी तिथं एकेक दिवस राहते तसतशी कडी कुजत जाते."

"त्या डॉक्टरले मी सोडनार नाही," मोहिउद्दीन म्हणाला. हाताच्या मुठी वळल्या होत्या.

"खोटं लिहिलं त्याबद्दल मी त्याच्या वरच्यांना कळवतो, आजच. पण त्या दिवशी त्यानं चाकू हातात घेतला नसता, तर तुम्ही हिला पुरूनच घरी गेला असता. तेही लक्षात ठेवा."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळंच मोहिउद्दीनला ते सहन होईना. शिव्या द्यायला आता एकच माणूस उरला होता, तो स्वतः, आणि स्वतःला बडवायचं कसं हे त्याला समजत नव्हतं. तो बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी नळी खाली गेली. तीन आठवडे तिघंही नागपुरातच राहिले. दुकान मुख्तारनं सांभाळलं. सुग्राबी नवऱ्याशी कामापुरतं बोलायची. आयशा तर त्याच्याकडे पाहायचीही नाही. त्यानं डबा पुढं केला की घ्यायची, पाणी दिलं की प्यायची, पण वाटी वाजवायची ती फक्त आईसाठी. पूर्वी राग आला की बडवायची, तसंही तिनं एकदा केलं नाही. त्यानं ते बडवणं ऐकायला काहीही दिलं असतं.

बाविसाव्या दिवशी मोठे डॉक्टर खाटेशी आले. आरशाच्या उजेडात त्यांनी घसा पाहिला, बराच वेळ पाहिला. "कडी आकार धरतेय," ते म्हणाले. "नळी आणखी काही महिने राहू दे. पण आता वर हवा जायला वाट आहे. बेटा, नळीच्या तोंडावर बोट ठेव आणि बोल काही तरी."

सुग्राबीनं पदर डोळ्यांना लावला. "अल्ला का नाम ले, बेटा."

आयशानं बोट उचललं. नळीवर ठेवलं. पहिल्यांदा नुसती घरघर आली. तिनं बोट काढलं, श्वास घेतला, पुन्हा ठेवलं. तीन आठवड्यांनी ती पहिल्यांदाच सरळ बापाच्या तोंडाकडे पाहत होती. आवाज निघाला तो घोगरा, फाटका होता, पण होता तिचाच.

"अब्बा," ती म्हणाली, "बकरं असतं त बोलले असते ना?"

डॉक्टर वहीत काही लिहीत होते ते थांबले. सुग्राबी मधे पडायला गेली, तिला आयशानं दुसऱ्या हातानं मागं सारलं. मोहिउद्दीननं तोंड उघडलं. नाही म्हणायची सोय होती, रडायची होती, हात जोडायची होती. यांतलं काहीच त्यानं केलं नाही.

"हो," तो म्हणाला. "बोललो असतो."